म्हणे ‘सेट ऑनलाइन’ मारा!

सीएंच्या कुठल्याशा ग्रुपवर फिरत फिरत सर्व्हरची बिघडलेली डिस्क स्वतःच दुरुस्त करायला सांगणारा हा मेसेज आमच्या मामाकडे आला आणि मामाने तो मला पाठवला. खाली ओळ होती, ‘अगं, हे इतकं सोपं असताना आपण एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) पैसे का भरतो?’ मामाचं ऑफिस ठाण्यात, नौपाड्यात. कोपऱ्यात एक सर्व्हर, त्यात चार डिस्कचा रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा अशी डिस्कची जोडणी), आणि त्यावर सगळ्या अशिलांचं टॅली. सप्टेंबर म्हणजे त्यांचा ऑडिटचा महिना. अशा माणसाच्या हातात हा मेसेज पडलेला बघून मला घाम फुटला. मी सर्व्हर सांभाळायचंच काम करते, महापे-रबाळे पट्ट्यात.

मेसेजचं नाव ‘सर्व्हरची डिस्क गेली? ५ मिनिटांत स्वतः दुरुस्त करा’. त्यातले दावे थोडक्यात असे. एक, डिस्कचा लाल दिवा लागला तर डिस्क बदलायची गरज नाही. सर्व्हर रीस्टार्ट करा, स्टोरसीएलआयमध्ये (डिस्कची जोडणी कमांड टाइप करून सांभाळायचं सॉफ्टवेअर) ‘सेट ऑनलाइन’ कमांड द्या, दिवा हिरवा होतो. मग एकदा कन्सिस्टन्सी चेक चालवा, सगळं जुळून येतं. दोन, ‘फॉरिन’ असं काही दिसलं तर डिलीट करा. तीन, दोन डिस्क एकदम कधीच जात नाहीत. चार, राइट कॅशे (लिहायचा डेटा आधी कार्डाच्या मेमरीत घेऊन मग डिस्कवर उतरवणं) कायम चालू ठेवा, स्पीड वाढतो. पाच, पॅट्रोल रीड बंद करा, डिस्क झिजते. सहा, रेड असेल तर बॅकअप कशाला? सात, ही कमांड सगळ्या सर्व्हरवर चालते, वेंडर फक्त लुटतात.

पहिला दावा सगळ्यात घातक आहे, म्हणून त्याच्यावरच वेळ घालवते.

मामा सीए आहे, तेव्हा त्याच्याच भाषेत. रेड ५ मध्ये चार डिस्क असतील तर प्रत्येक ओळीत तीन आकडे आणि त्यांची एक बेरीज लिहिलेली असते. (खरी बेरीज नव्हे, एक्सॉर नावाची क्रिया. पण काम तेच.) ही बेरीज, म्हणजे पॅरिटी, आळीपाळीने वेगवेगळ्या डिस्कवर जाते. एक डिस्क गेली की तिच्यावरचा आकडा बेरजेतून उरलेले दोन वजा करून मिळतो. म्हणून एक डिस्क मेली तरी ऑफिस चालू राहतं. टॅली उघडतं, एंट्र्या पडतात, कोणाला काही कळतही नाही.

आता समजा मंगळवारी डिस्क क्रमांक दोन बाहेर पडली आणि शुक्रवारपर्यंत कोणी बघितलं नाही. या तीन दिवसांत जे नवे आकडे डिस्क दोनवर लिहायचे होते ते कुठे गेले? डिस्क दोनवर नाही, ती बाहेर आहे. कंट्रोलरने, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाने, फक्त बेरीज बदलली. म्हणजे ते आकडे स्वतंत्रपणे कुठेही लिहिलेले नाहीत, ते फक्त बेरजेत दडलेले आहेत. ही गोष्ट नीट डोक्यात बसली पाहिजे, कारण पुढचा सगळा सत्यानाश इथूनच होतो.

शुक्रवारी मेसेज वाचून कोणीतरी ‘सेट ऑनलाइन’ मारतं. या कमांडचा अर्थ एवढाच: कंट्रोलरबाबा, ही डिस्क बरोबर आहे असं समज. ती काही तपासत नाही, काही भरून काढत नाही. डिस्कवर मंगळवारचे आकडे तसेच. दिवा मात्र हिरवा! आता वाचताना कंट्रोलरला वजाबाकी करायची गरज वाटत नाही, तो सरळ जुना आकडा उचलून देतो. अर्धी फाइल आजची, अर्धी मंगळवारची. विंडोजला यात गडबड दिसली तर चेकडिस्क सुरू होतं आणि ते आपल्या परीने आणखी ‘दुरुस्ती’ करतं.

इथवरही थोडी आशा असते, कारण खरे आकडे अजून बेरजेत आहेत. पण मेसेज म्हणतो, आता कन्सिस्टन्सी चेक चालवा. हा चेक काय करतो? आकडे आणि बेरीज जुळत नसतील तर आकडे खरे धरतो आणि बेरीज बदलतो. झालं. तीन दिवसांच्या नोंदींची जी एकमेव प्रत होती ती त्याने पुसली. मामा, तुझ्या आर्टिकलने, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या मुलाने, ताळेबंद जुळत नाही म्हणून बेरीज खोडून नवी लिहिली तर तू काय करशील? ‘सगळं जुळून येतं’ हे शब्दशः खरं आहे, आणि तेच भयंकर आहे.

तुर्भ्याच्या एका मालवाहतूकदाराच्या ऑफिसात नेमकं हेच झालेलं मी पाहिलंय. मला बोलावलं तेव्हा कन्सिस्टन्सी चेक पूर्ण झाला होता, एकही एरर नाही. सगळे दिवे हिरवे आणि एकही बिल धड उघडत नाही.

मग बरोबर काय? बाहेर पडलेली डिस्क खरंच ठीक आहे, नुसता संपर्क ढिला झाला होता, अशी खात्री असली तरीसुद्धा तिच्यावर ‘स्टार्ट रीबिल्ड’ द्यायचं, म्हणजे कंट्रोलर तिचा प्रत्येक आकडा नव्याने काढून लिहितो. याला पाच मिनिटं नाही, तास लागतात, मोठी डिस्क असेल तर दिवस. ‘शो रीबिल्ड’ने टक्के दिसत राहतात. खात्री नसेल तर नवी डिस्क. आणि ट्रे ओढण्याआधी ‘स्टार्ट लोकेट’ देऊन दिवा लुकलुकवायचा, कारण स्लॉटची मोजणी बऱ्याचदा शून्यापासून सुरू होते. मग स्लॉट दोन म्हणजे तिसरा ट्रे. एक डिस्क आधीच गेलेली असताना चुकून चांगली डिस्क ओढणारे कमी नाहीत.

‘सेट ऑनलाइन’ ही कमांड मग ठेवलीच कशाला, असं विचारणार. तिचा खरा उपयोग आहे, हे नाइलाजाने मान्य करते. बॅकप्लेन (डिस्क जिथे खोचतात ती पाटी) किंवा केबलमुळे दोन-तीन डिस्क एकाच क्षणी बाहेर पडल्या तर त्यांच्यात शिळं-ताजं असा फरक नसतो. किंवा आधी एक आणि नंतर दुसरी गेली आणि ॲरे (डिस्कची ती सगळी जोडणी) बंद पडला, तर जी शेवटी पडली ती ऑनलाइन घेऊन आधी डेटा दुसरीकडे उतरवता येतो. पण शेवटी कोण पडलं हे ‘शो इव्हेंट्स’मधल्या वेळा वाचून ठरवायचं असतं. मेसेजमध्ये इव्हेंट्सचा उल्लेखसुद्धा नाही.

आता ‘फॉरिन दिसलं तर डिलीट करा’. मेगारेड जातीच्या कार्डांत ॲरेची रचना डिस्कवरही लिहून ठेवलेली असते. कार्ड जळलं आणि नवं बसवलं की नवं कार्ड म्हणतं, या डिस्क माझ्या ओळखीच्या नाहीत, परक्या आहेत. अशा वेळी चारही डिस्क फॉरिन दिसतात. आधी ‘इम्पोर्ट प्रिव्ह्यू’ बघून मग ‘इम्पोर्ट’ केलं की बहुतेक वेळा ॲरे जसाच्या तसा उभा राहतो. तिथे डिलीट मारलं तर ॲरेची ओळखच पुसली. डेटा लगेच उडत नाही, त्याच क्रमाने, त्याच स्ट्राइप साइझने (एकेका डिस्कवर एका वेळी जाणाऱ्या तुकड्याचं माप), इनिशियलाइज न करता, म्हणजे डिस्क कोऱ्या न करता, ॲरे पुन्हा बांधला तर तो परत मिळूही शकतो. पण ज्याला डिलीट मारायचं की नाही हे कळत नाही, त्याला स्ट्राइप साइझ आठवणार आहे का? दुसऱ्या मशिनमधून काढलेली एखादी जुनी डिस्क बसवली असेल, तिच्यातलं काही नको असेल, तर डिलीट बरोबर. फक्त तेवढ्यापुरतं.

‘दोन डिस्क एकदम जात नाहीत’ याला मी माझं मत नाही सांगत. १९८८ साली बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी रेडची कल्पना ज्या निबंधात मांडली, त्यातल्याच गार्थ गिब्सनने पुढे २००७ मध्ये बियांका श्रोडरबरोबर सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या कागदावरच्या आयुष्यावरून वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे नेहमीचं निघालं, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. आणि मुख्य म्हणजे डिस्क एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या जात नाहीत, त्यांचं जाणं एकगठ्ठा येतं. एका तासाच्या आत दुसरी डिस्क जाण्याची शक्यता, नेहमीच्या गणिती गृहीतकापेक्षा त्यांच्या नोंदींत चौपट दिसली. ज्याने रेड जन्माला घातला त्याचाच हा हिशोब आहे. ग्रुपवरच्या ‘अनुभवी तज्ज्ञां’नी त्याच्यापेक्षा जास्त डिस्क पाहिल्या असतील तर गोष्ट वेगळी. ऑफिसातल्या चारही डिस्क तर एकाच दिवशी, एकाच दुकानातून आलेल्या असतात, एकाच कपाटात, एकाच बिघडलेल्या एसीखाली.

राइट कॅशेने स्पीड वाढतो, हे खरं. पण कार्डावर बॅटरी किंवा कॅशेव्हॉल्ट (वीज गेली तरी कॅशेतला डेटा जपणारा भाग) धड असेल तरच. बॅटरी मेली की कंट्रोलर शहाणपणाने स्वतःहून राइट-थ्रूवर येतो, म्हणजे थेट डिस्कवर लिहितो. मेसेज त्याला तेच करू देऊ नका म्हणतो. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एका झटक्यात गेली होती ते आठवा. यूपीएस आहे, चालेल? यूपीएस असूनही सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळतो, कोणीतरी वायरवर पाय देतं. कॅशेमध्ये अडकलेला डेटा तिथेच जातो.

पॅट्रोल रीड दर १६८ तासांनी, म्हणजे आठवड्याला, डिस्क वाचून खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आधीच हुडकते. ती बंद केली तर ते सेक्टर रीबिल्ड चालू असताना सापडतात, जेव्हा भरून काढायला दुसरं काही नसतं. झिजण्याबद्दल एवढी काळजी असेल तर तो सर्व्हर रिकामाच ठेवावा.

रेड म्हणजे बॅकअप नाही. टॅलीचा फोल्डर चुकून उडवला की तो चारही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो, रॅन्समवेअर आला तर चारही डिस्क इमानदारीने कुलूपबंद होतात. यावर आणखी बोलायचा मला कंटाळा आलाय.

शेवटचा दावा. सगळ्या सर्व्हरवर एकच कमांड? स्टोरसीएलआय ब्रॉडकॉमच्या मेगारेड कार्डांसाठी. डेलवर पर्कसीएलआय, एचपीच्या स्मार्ट ॲरेवर एसएसएसीएलआय, ॲडाप्टेकवर आर्ककॉन्फ, आणि यातल्या काहींचं व्याकरणही वेगळं. वेंडर लुटतात यात मात्र तथ्य आहे, हे मान्य. आठशे रुपयांत बघून सांगता येईल अशा गोष्टीला ‘सर्व्हर व्हिजिट’ म्हणून पाच हजार लावणारे ठाण्यात आहेत, वाशीतही आहेत. म्हणून कमांड लाइन शिकावीच, मी स्वतः त्या निळ्या बायोस स्क्रीनपेक्षा तिलाच पसंत करते. तिथे आधी काय दिसलं, नंतर काय केलं याची लेखी नोंद उरते.

मामा, तू एवढंच कर. दर सोमवारी ‘शो’ देऊन बघ. ॲरेपुढे ‘ऑप्टिमल’ (स्क्रीनवर Optl) आणि डिस्कपुढे ‘ऑनलाइन’ (Onln) दिसलं तर विंडो बंद. ‘डिग्रेडेड’ (Dgrd, म्हणजे एक डिस्क बाहेर) दिसलं तर ‘शो इव्हेंट्स’ची फाइल सेव्ह कर, टॅली सगळ्यांना बंद करायला लाव, कालचा बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडतो का ते तपास, आणि मला फोन कर. सर्व्हर रीस्टार्ट करू नकोस. आणि तो मेसेज ज्या ग्रुपवरून आला तिथे हे सगळं टाक, माझं नाव घालून टाकलंस तरी चालेल.