भिजवणं ठीक, पण पट्टी तासायची कोणी?

जहाजाच्या मॉडेलच्या सांगाड्यावर चिकटवायच्या लाकडी पट्ट्यांबद्दल ‘पट्टी पाण्यात चांगली भिजवली की सांगाड्यावर आपोआप बसते’ हे वाचून हसूच आलं. भिजवल्याने ती वाकते, बसत नाही! जहाजाचा घेर मध्यावर जास्त आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, कमी, त्यामुळे पट्टी पुढे निमुळती तासावीच लागते. पहिल्या मॉडेलला मी हे टाळलं. दहाव्या पट्टीपर्यंत त्या पुढे एकमेकींवर चढल्या. शिवाय चिकटवल्याही ओल्याच. वाळून आकसल्यावर सगळीकडे फटी. आता भिजवलेली पट्टी टाचण्यांनी नुसती अडकवून रात्रभर वाळू देते, मग तासून चिकटवते.

डोलकाठ्यांच्या दोरकामाला चिमटा हवाच, हे तिथलंच म्हणणं मात्र अगदी खरं. १:९६ प्रमाणात (म्हणजे मॉडेल खऱ्या जहाजाच्या ९६ पट लहान) डोलकाठीवर चढायच्या दोरशिडीच्या पायऱ्या जेमतेम ४ मिलिमीटरवर येतात, आणि प्रत्येक छेदावर गाठ!