किटातला कंदील आणि चोवीस कामट्या

दिवाळीला बहीण मुंबईहून आली, तेव्हा भाचीच्या काखेत एक खोका होता. खोक्यावर झगमगीत कंदिलाचं चित्र आणि 'स्वतः बनवा' अशी मोठी अक्षरं. आत यंत्राने कापलेले एमडीएफचे (दाबून केलेल्या लाकडी फळीचे) तुकडे, प्रत्येकावर नंबर, सोनेरी कागद, दुहेरी चिकटपट्टी आणि सेलवर चालणारी दिव्यांची माळ. किंमत साडेसातशे रुपये. पोरीने ओटीवर बसून वीस मिनिटांत कंदील उभा केला. एकदम सरळ, कुठे तिरका नाही की कुठे डाग नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, आता काय करू?"

आई आतून ओरडली, "झालो? इतक्यातच?"

त्या 'इतक्यातच'वरून ही पोस्ट लिहितोय. लांब होईल, आधीच सांगतो.

माझं म्हणणं असं, की नंबर बघून तुकडे जोडणं म्हणजे कंदील करणं नव्हे. हौस असेल तर वस्तू गोळा करण्यापासून करा. वेळ नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडून, तो सांगेल त्या किमतीला विकत घ्या. दोन्हीत कमीपणा नाही. पण कारखान्यात झालेलं काम शेवटच्या वीस मिनिटांसाठी आपल्या हातात द्यायचं आणि त्याला 'हँडमेड' म्हणायचं, हे मला पटत नाही. बायकोला माझं हे बोलणं आवडलं नाही. "वीस मिनटां चेडू मोबाइल सोडून बसलां, तां नाय दिसलां तुमका?" म्हणाली. तेही खरंच आहे.

मी स्वतः वायरमन. वेंगुर्ल्याच्या बाजूला माझं छोटं दुकान आहे, पंखे, मिक्सर, पंप दुरुस्त करतो. म्हणजे जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. उलट पहिली कबुली माझीच ऐका. गणपतीची थर्माकोलची मखरं मी पंधरा वर्षं हाताने केली. इस्त्रीच्या जुन्या कॉइलमधली नायक्रोमची तार काढून, ती ट्रान्सफॉर्मरला जोडून कटर बनवला होता. तापलेली तार थर्माकोलमधून लोण्यातून सुरी जावी तशी जायची. खांब, कमानी, मोर, जाळ्या, काय हवं ते. आजूबाजूच्या तीन वाड्यांत माझी मखरं जायची. वासाने डोकं धरायचं, पण 'हाताने केलंय' म्हणून छाती फुगायची. पुढच्या पावसात तेच पांढरे दाणे व्हाळात, शेताच्या बांधाला, खाडीच्या कडेला दिसायचे. ते कुजत नाहीत, नुसते बारीक होत जातात. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारने प्लास्टिकसोबत थर्माकोलवरही बंदीची अधिसूचना काढली तेव्हा माझ्या माळ्यावर चाळीस तक्ते पडून होते. मी सरकारला शिव्याच दिल्या. आज देत नाही. सांगायचं एवढंच, की हाताने केलं म्हणून ते चांगलंच असतं असंही नाही. कशाचं केलं आणि नंतर त्याचं काय झालं, हेही बघायला लागतं.

आमच्या घरात मखर नव्हतं तेव्हाही माटवी होतीच. कोकणाबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, परसातली फळं-फुलं-पानं बांधायची. असोला (न सोललेला) नारळ, सुपारीचं शिपटं (घड), तवसं (मोठी काकडी), आंब्याचे टाळे (डहाळ्या) ही घरची. कवंडळ, हरणं, शेरवाडं, तेरडा, कांगलं ही सड्यावरची (कातळाच्या माळावरची) आणि रानाच्या कडेची. कवंडळ लालबुंद असतं, बघून तोंडाला पाणी सुटतं, पण ते खायचं नसतं. हे आम्हाला पाचव्या-सहाव्या वर्षीच कळायचं, कारण गोळा करायला आम्हालाच पिटाळायचे. शेरवाडाचं पांढरं ते फूल नाही, पानासारखाच भाग आहे, खरं फूल छोटं नारिंगी, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, मोठ्या काकाने सांगितलं. त्याला एकही इंग्रजी नाव येत नव्हतं. पण कुठल्या गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) मागे कांगल्याची वेल आहे आणि ती कधी पिकते, ते पाठ होतं.

हरतालिकेच्या संध्याकाळी माटवी बांधायला घरातले सगळे लागायचे. एकाने शिडी धरायची, एकाने केळीचं सुकलेलं सोप भिजवून द्यायचं, आजीने खाली बसून "वायच डावीकडे" म्हणत राहायचं. नारळ कधी मधोमध यायचा नाही. दरवर्षी त्यावरून भांडण आणि दरवर्षी शेवटी तो तसाच. आज कोणी मला माटवीचा व्हिडिओ पाठवतो, तेव्हा त्यात पहिल्यांदा दिसतं ते हे, की सगळं मापात आहे. आणि चार दिवसांनंतरही काहीच सुकलेलं नाही, कारण अर्धं प्लास्टिकचं आहे.

आता रानात जायला कोणाला वेळ नाही, हे मान्य. म्हणून बाजारात वाटे मिळतात. यंदा चवथीच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर घडलेलं सांगतो. डोंगराकडच्या गावातली एक म्हातारी गोणपाटावर वाटे मांडून बसली होती. पहाटे उठून, पावसात, पायाला जळवा लावून घेऊन आणलेला माल. वाटा शंभर रुपये. गाडीतून उतरलेल्या एका गृहस्थाने तिच्याशी दहा मिनिटं हुज्जत घातली, ऐंशीला तोडला. त्याच्याच हातात बाजूच्या दुकानातली प्लास्टिकच्या झेंडूची सहाशेची पिशवी होती, तिथे तो काही बोलला नसणार, कारण तिथे छापील किंमत होती. कवंडळावर एमआरपी छापलेली नसते, हाच त्या बाईचा गुन्हा.

सावंतवाडीच्या चितार आळीतही हेच. लाकडी फळं, भाजी, पाट, बाहुल्या बघून पर्यटक "किती सुंदर" म्हणतात आणि लगेच "एवढे?" म्हणतात. पूर्वीपासून ही खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. लाकूड सुकवा, कापा, घासा, अस्तर द्या, मग रंग. गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) तर त्याहून वरची गोष्ट. दशावतारी गंजिफेच्या एका संचात एकशेवीस पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि सगळी हाताने रंगवायची. एक पान रंगवायला किती वेळ लागेल, याचा हिशोब करा आणि मग घासाघीस करा. लग्नात मिक्सर देण्यापेक्षा (माझा धंदा बुडेल, तरी सांगतो) तिथली एखादी वस्तू द्या.

भेटीचा विषय निघालाय म्हणून आमच्या घरची एक गोष्ट. बहिणीला भाऊबीजेला साडी नको असते, वाढवण हवी असते. वाढवण म्हणजे हिरांचा झाडू. माडाचं चुडत (झावळी) पडलं की आई पाती कोयतीने तासून हीर वेगळा करते, उन्हात घालते, शंभर-सव्वाशे हीर झाले की मुठीला सुंभाने आवळून बांधते. ती वाढवण वर्तमानपत्रात गुंडाळून कोकण रेल्वेने बोरिवलीला जाते. डब्यात लोक बघतात. बहीण म्हणते, सोसायटीतल्या तीन बायकांनी नंबर लावून ठेवलाय. आईने एकदा विचारलं, "थंय झाडू मिळणत नाय?" मिळतात गो आये, पण तुझ्या हातचे नाही मिळत. असं मी म्हणालो नाही, आमच्यात असं बोलायची पद्धत नाही. मी म्हणालो, "महाग आसतत."

असो, कंदिलाकडे येतो. भाचीने "आता काय करू" म्हटल्यावर मी तिला परसात नेलं. माणग्याचं, म्हणजे एका जातीच्या बांबूचं, बेट आहे आमचं. माणगा जवळजवळ भरीव, चिरताना हातातला जीव जातो, पण कामटी चिवट निघते. खरं तर आठ-दहा दिवस आधी चिरून सावलीत सुकवायला हवी. ओल्या कामटीचा कंदील बांधला की सुकताना ती आकसते आणि गाठी सैल पडतात. एवढा वेळ कुठला. माळ्यावर गेल्या वर्षीच्या काही कामट्या होत्या, त्या काढल्या. कमी पडल्या तेवढ्या नव्या चिरल्या. माझ्या हातात कोयती बघून मला वडिलांचा आवाज ऐकू आला. ते कंदिलाचं काही शिकवायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "आदी हात सांभाळ, कंदील मगे."

पारंपरिक कंदिलाची गंमत बघा. सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घ्या. चार-चारचे सहा चौकोन बांधा. मग चौकोनाचा कोपरा दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्याला जोडत जा, एक वर, एक खाली, चार बाजूला. बाजूचे चारही चौकोन टोकावर उभे राहतात. आणि सगळे कोपरे जोडून झाले की मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते कोणी बांधलेले नसतात. भाची नववीत आहे. तिने ते मोजले, मग परत मोजले आणि म्हणाली, "हे भूमितीच्या बाई शिकवत नाहीत." तिसऱ्या चौकोनाला तिची गाठ सुटली, पाचव्याला कामटी मोडली. तिने मोडलेली फेकली नाही, दोऱ्याने बांधून घेतली. कंदील त्या बाजूने जरा कललेलाच राहिला.

चिकटवायला खळ. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही. जुने लोक त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. ते विषारी असतं, घरात लहान मूल असेल तर घालू नका, मीही घातलं नाही. परिणाम असा की तिसऱ्या रात्री उंदराने खालचा एक त्रिकोण खाल्ला. पतंगी कागद लावताना खळ ओली असेपर्यंत ढिला, सुरकुतलेला दिसतो आणि मूल रडकुंडीला येतं. थांबायचं. वाळला की ताणून बसतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, दिव्याची ऊब बाहेर जायला आणि बल्ब बदलायला हात आत जायला. खालच्या कडांना झिरमिळ्या.

दिव्याच्या बाबतीत मात्र मी शंभर टक्के आजचा माणूस. पूर्वीच्या साठ-शंभरच्या पिवळ्या बल्बने किती कंदील करपले असतील. पाच वॉटचा एलईडी लावा, कागदाला धग लागत नाही. आणि वायरमन म्हणून हात जोडून सांगतो, कंदील वायरला टांगू नका. वजन सुतळीवर असू दे, वायर ढिली सोडा. आमच्याकडे परतीचा पाऊस दिवाळीतही सांगून येत नाही, तेव्हा जोड पागोळीखाली नको, पडवीच्या आत घ्या. दरवर्षी दोन-तीन घरांत याच कारणाने फ्यूज जातो आणि ऐन चावदिवशी (नरकचतुर्दशीला) पहाटे, पायाखाली करीट फोडायच्या वेळेला, मला फोन येतो.

यंदा आमच्या ओटीवर दोन कंदील होते. किटातला एका बाजूला, कललेला दुसऱ्या बाजूला. किटातल्या माळेचे सेल दुसऱ्या दिवशीच संपले, ते घरात कोणाकडे नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना भाची कललेलाच दाखवत होती, आणि त्यातली मोडकी कामटी कुठली तेही सांगत होती. बायकोने तेवढ्यात ऐकवलं की किट आणलं म्हणूनच हे सगळं सुरू झालं. माझ्याकडे याला उत्तर नाही.

परत जाताना भाचीने मागितलं म्हणून सुकवलेल्या कामट्यांची जुडी सुंभाने बांधून दिली, वाढवणीसोबत. चोवीस लागतात. मी सत्तावीस दिल्या, दोन-तीन मोडतातच.