राघू, मिरची आणि तो फॉरवर्ड

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, "पाळायला बंदी फक्त परदेशी पक्ष्यांवर आहे, आपला राघू शेकडो वर्षं घरोघरी पाळतात, मिरची खाऊ घाला म्हणजे पटकन बोलतो, आणि सोडला तर मरतो म्हणून पिंजराच बरा." वाचून राहवेना.

बंदीचं तर सरळ उलटं लिहिलंय. 1972 च्या वन्यजीव कायद्यातली बंदी आपल्या रानातल्या पक्ष्यांवर आहे, त्यात साधा राघू पण आला आणि त्याच्याहून मोठा करण पोपट पण, आणि देशी पक्ष्यांची खरेदी-विक्री 1990-91 पासून बंद आहे. दुकानात उघड टांगलेले असतात ते बजरीगर नाहीतर कॉकॅटिएल, पोपटाच्याच जातीचे पण मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पैदासच पिंजऱ्यात होते त्यांची. ते दिसतात म्हणून लोकांना वाटतं राघूही चालतो.

शेकडो वर्षांचं म्हणाल तर हो, आहेच की. मदुराईच्या मीनाक्षीच्या हातात पोपट, कामदेवाचं वाहन पोपट. माझ्या आजीकडेही होता एक, दिवेलागणीला "विठ्ठल विठ्ठल" करायचा, आम्ही पोरं त्याला पेरूच्या फोडी द्यायचो, पण हा आला कुठून असं आमच्यातल्या एकानेही कधी विचारलं नाही. राघू झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, साधारण जानेवारी ते एप्रिल, आणि चोरून विकायला येतात ती त्याच ढोलीत हात घालून काढलेली, धड पिसं पण न फुटलेली पिल्लं. कोंबडीसारखी पिढ्यानपिढ्या दारात वाढलेली जात नाहीये ही. त्याला "माणसाळलेला" म्हणायचं म्हणजे कमालच.

मिरचीचं मात्र हसू आलं. आपल्याला झोंबतं ते त्यातलं कॅप्सेसिन, पक्ष्यांना ते झोंबतच नाही, म्हणून तो मजेत खातो. बोलण्याशी काय संबंध? थव्यात राहणारा पक्षी, आवाज उचलायची उपजत सवय, आजूबाजूला दुसरा राघू नाही, मग घरात जे कानावर पडतं तेच उचलतो, शिव्यासुद्धा.

"सोडला तर मरतो" हे अर्धं खरंय. वर्षानुवर्षं कोंडलेल्याच्या पंखात जोर राहत नाही, खाणं शोधता येत नाही, गच्चीवरून उडवून दिला की कावळे आणि मांजरं टपलेलीच. पण म्हणून जन्मभर पिंजरा कशाला, वनखात्याची 1926 हेल्पलाइन आहे, तिथे कळवा.

मेसेज टाकणाऱ्या काकांच्याच बाल्कनीत एक राघू आहे. त्यांना नंबर पर्सनलवर पाठवलाय, अजून ब्लू टिक आलेली नाही.