‘हाकेनक्रॉइत्स’ म्हणजे ख्रिस्ती क्रूस नव्हे

भाची जर्मनीत, लाइपझिगला शिकते. दिवाळीत दारात स्वस्तिक काढायचं म्हणाली, तर ताईने तिला फॉरवर्ड पाठवला: “कोणी बोललं तर हे दाखव.” दावा असा: हिटलर ‘स्वस्तिक’ म्हणतच नसे, ‘हाकेनक्रॉइत्स’ म्हणजे ‘आकड्यांचा ख्रिस्ती क्रूस’ म्हणे, १९३९ मध्ये जेम्स मर्फी या माजी पाद्र्याने हिटलरच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी भाषांतरात मुद्दाम ‘स्वस्तिक’ घुसडलं. हे परदेशात राहणाऱ्या मुलीच्या हातात द्यायचं?

आधी शब्द बघा. ‘हाकेन’ म्हणजे आकडा, शर्ट टांगायचा असतो तो. ‘क्रॉइत्स’ लॅटिनमधून, चर्चच्या वाटेने आला, हे मान्य. पण जर्मनमध्ये तो कधीच साधी ‘फुली’ होऊन बसलाय. फॉर्मवर फुली मारणं ‘आनक्रॉइत्सेन’, रस्त्यांचा चौक ‘क्रॉइत्सुंग’, पत्त्यांतलं किलवर ‘क्रॉइत्स’, आणि कंबर धरली की ‘क्रॉइत्सश्मेर्त्सेन’. यांत ख्रिस्त कुठे आहे? ‘हाकेनक्रॉइत्स’ म्हणजे टोकं वळवलेली फुली. नाव आकाराचं आहे, धर्माचं नाही.

मर्फीचं कारस्थान तर तारखेलाच टिकत नाही. ट्रॉयचं उत्खनन करणाऱ्या हाइनरिश श्लीमानच्या ‘इलिओस’ या १८८० च्या ग्रंथात माक्स म्युलरचं पत्र छापलंय. भारताबाहेरच्या चिन्हाला ‘स्वस्तिक’ म्हणू नये, हा शब्द भारताचा आहे, असं त्यात तो बजावतो. म्हणजे मर्फीच्या भाषांतराआधी ५९ वर्षं हा शब्द युरोपातल्या चिन्हांना सर्रास लावला जात होता, इतका की एका संस्कृत पंडिताला हरकत घ्यावी लागली. १९३३ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रंही नाझी झेंड्याला ‘स्वस्तिक’च म्हणत होती.

मूळ जर्मन पुस्तकात ‘हाकेनक्रॉइत्स’ आहे, हे बरोबर. लहानपणी हिटलर ऑस्ट्रियातल्या ज्या लामबाखच्या ख्रिस्ती मठात गायला जाई, तिथे तसं चिन्ह होतं, हेही खरं. पण पुस्तकात आपल्या झेंड्यावरच्या चिन्हाचा अर्थ सांगताना तो चर्चचं नाव घेत नाही. ‘आर्य माणसाच्या विजयासाठीचा लढा’ असं लिहितो. जर्मन शाळांत हा इतिहास शिकवतात. तिथल्या शेजाऱ्याला “ते तुमचंच ख्रिस्ती चिन्ह” म्हणणं चूक तर आहेच, शिवाय त्याला दुखावणारं आहे.

भाचीला मी सांगितलंय: कोणी विचारलं तर घरात बोलाव. कुंकवाचं स्वस्तिक दाखव, त्यातले चार ठिपके दाखव, शेजारची लक्ष्मीची पावलं दाखव. तो फॉरवर्ड दाखवू नकोस.