इन्सर्ट कोण वापरते?

आमचा कीबोर्ड गेला तो ऐन नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत. अख्खा नाही गेला. त्याच्या १०४ बटणांपैकी एकच गेलं, इन्सर्ट.

डोळस माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, "एवढंच ना?" त्याच्या लेखी इन्सर्ट म्हणजे डिलीटच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. कधी येतो, कधी जातो, कुणाला पत्ता नाही. माझ्या घरात मात्र तोच कर्ता पुरुष. मला दिसत नाही. कंप्युटरवर जे काही असेल ते एनव्हीडीए नावाचा प्रोग्रॅम मला वाचून दाखवतो, आणि त्याला काही विचारायचं तर आधी इन्सर्टवर बोट ठेवावं लागतं. इन्सर्ट धरून टी दाबलं की समोर कोणती खिडकी उघडी आहे ते सांगतो. एफ बारा दाबलं की वेळ, लागोपाठ दोनदा दाबलं की तारीख. खालचा बाण दाबला की कीर्तनकारासारखा सुरू होतो तो थेट मजकूर संपेपर्यंत. मध्येच गप्प करायचं असेल तर नुसतं कंट्रोल. (हे एक बटण माणसांनाही असतं तर, असं मला दर लग्नकार्यात वाटतं.)

हा प्रोग्रॅम मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये लिहायला घेतला आणि जगाला फुकट दिला. त्याच्या आधी असले प्रोग्रॅम विकत घ्यायचे म्हणजे त्याच पैशात दुसरा कंप्युटर आला असता. त्यामुळे या माणसाबद्दल मला अपार आदर आहे. फक्त इन्सर्ट एवढं मेहनतीनं दाबायला लावलंस बाबा, तर सोबत एक जादा बटणही पाठवायचं होतंस.

तसा एक जादा इन्सर्ट असतो म्हणा. उजवीकडच्या आकड्यांच्या चौकटीतलं शून्यही त्याच्या जागी चालतं. पण आमच्या शून्यावर गेल्या दिवाळीत भाच्यानं चहा सांडला होता. तेव्हापासून ते एकदा दाबलं की वर यायचं नाव घेत नाही. मग उरला तिसरा उपाय, सेटिंगमध्ये जाऊन इन्सर्टचं काम कॅप्स लॉकला सोपवायचं. लॅपटॉपवाले पुष्कळ जण तसंच करतात. मीही केलं.

त्यातली मेख अशी की कॅप्स लॉकला स्वतःचंही एक काम असतं, इंग्रजी अक्षरं मोठी करायचं. ते करून घ्यायचं तर बटण पटकन दोनदा दाबायचं. आता मला तारीख विचारायची, एफ बारा दोनदा दाबायचं, घाईत बोटं अडखळायची आणि दोनदा दाबलं जायचं ते कॅप्स लॉक. प्रोग्रॅम इमानदार आहे, तो "कॅप्स लॉक ऑन" असं सांगतोही. पण नागपूरचा मे महिना, बाहेर पारा पंचेचाळिशीत, आणि माझ्या कानापासून दीड हातावर आमचा कूलर. ज्यांनी फक्त एसी पाहिला आहे त्यांना कूलरचा आवाज सांगून कळायचा नाही. खिडकीत ट्रक उभा करून त्याचं इंजिन चालू ठेवायचं आणि वरून पाणी सोडायचं, की झाला कूलर. हेडफोन लावावा तर कानाच्या पाळीवर घामाचं तळं होतं.

तर त्या दुपारी मी साहेबांना इंग्रजीतून रजेचा अर्ज लिहिला. भाचीचं लग्न, अमरावती, चार दिवस. टाइप करताना प्रत्येक अक्षर बोलणं मी कधीच बंद करून ठेवलंय, नाहीतर डोकं भणभणतं. फक्त पूर्ण शब्द ऐकतो. आणि शब्द मोठ्या अक्षरांत असो की छोट्या, तो ऐकू येतो सारखाच. पुन्हा एकदा सगळं वाचून घेतलं, एकही चूक नाही, पाठवून दिलं.

दहा मिनिटांत साहेबांचा फोन. आवाज एकदम मऊ. "काय झालं भाऊ? कुणी काही बोललं का ऑफिसात?"

मी म्हटलं, "नाही सर, भाचीचं लग्न आहे."

"मग एवढे ओरडून काऊन राहिले? पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत कॅपिटल! मला वाटलं, रजा मागून राहिले की राजीनामा देऊन राहिले?"

रजा मिळाली. मागितली होती चार दिवसांची, साहेबांनी "राहू द्या, पाच घ्या" म्हटलं. ही युक्ती मी वर्षातून एकदाच वापरायचं ठरवलं आहे.

कीबोर्डनं इज्जत काढण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. वेबपेजवर आम्ही अंध लोक एकेका अक्षरावर उड्या मारत फिरतो. एच दाबलं की पुढचा मथळा, बी दाबलं की पुढचं बटण, टी म्हणजे तक्ता. लिंकसाठी के, कारण एल लिस्टनं बळकावलेलं. पण हे झालं वाचायच्या अवस्थेत. कर्सर एकदा लिहायच्या चौकटीत शिरला की तीच अक्षरं मुकाट्यानं उमटायला लागतात. दोन्हींतला फरक सांगायला एक बारीकसा टक्क असा आवाज होतो. तो कूलरपुढे काय टिकणार! गेल्या उन्हाळ्यात मी एका हेल्पलाइनच्या चॅटवर मथळे शोधत होतो, निदान मला तसं वाटत होतं. पलीकडच्या मुलीला माझ्याकडून ओळीनं अकरा एच आणि सात के गेले. तिनं विचारलं, "सर, आपण ठीक आहात ना?" मग मला मदत म्हणून लिहिलं, "स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातल्या हिरव्या बटणावर क्लिक करा." मी ते हिरवं बटण शोधायला गेलो. त्या पानावर माझ्यासाठी एकूण चौदा बटणं होती आणि प्रत्येकाचं नाव एकच. बटण. बटण. बटण. बनवणाऱ्यानं नावच ठेवलेलं नसलं तर बिचारा एनव्हीडीए तरी काय सांगणार? हिरवं कोणतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

असो. अर्जाच्या प्रकारानंतर बायको म्हणाली, "अहो, आता नवा कीबोर्ड आणा. नाहीतर पुढच्या वेळी कलेक्टरला ओरडाल."

ऊन उतरल्यावर भाच्याला घेतलं आणि मेट्रोनं बर्डी, म्हणजे नागपूरची सीताबर्डीची बाजारपेठ, गाठली. मेट्रो मला आवडते. पुढचं स्टेशन आपणहून सांगते, इन्सर्ट दाबावं लागत नाही. खाली उतरलं की मात्र बर्डीचा मेन रोड. तिथे सगळेच एकदम बोलतात आणि कंट्रोल कुठेच नाही.

दुकानदारानं भाच्याला विचारलं, "यांना काय पाहिजे?"

हे नेहमीचंच. माझ्यासोबत चौथीतला पोट्टा असला तरी लोक त्यालाच विचारतात. हॉटेलात तर्री पोह्यावर तर्री किती, तेही त्यालाच. पोट्टा आता तयार झाला आहे. म्हणाला, "त्यांनाच विचारा ना."

मी सांगितलं, "कीबोर्ड. साधा. पण इन्सर्ट वेगळं पाहिजे, आपल्या जागेवर."

दुकानदार थबकला. "इन्सर्ट? इन्सर्ट कोण वापरते साहेब? मी वीस वर्षांपासून धंदा करून राहिलो, एका गिऱ्हाइकानं इन्सर्ट मागितलं नाही." मग त्यानं काउंटरवर काहीतरी सरकवलं. "हा घ्या. सात रंगाचे दिवे लागते यात. अंधारातही बटण दिसते."

"मला उजेडातही दिसत नाही."

"मग तर तुमच्यासाठीच आहे हा!"

यावर काय बोलणार? मी एकेक कीबोर्ड हातानं बघायला सुरुवात केली. एफ आणि जे वरच्या बारीक उंचवट्यांवर तर्जन्या टेकवायच्या, मग उजवा हात सरकवत बॅकस्पेसच्या पलीकडे न्यायचा. तिथे दोन ओळींत सहा बटणांची वस्ती असते, तिच्या वरच्या ओळीत डाव्या टोकाला इन्सर्ट. नव्या कीबोर्डांतून ही वस्ती उठवलेली आहे. एकात इन्सर्ट डिलीटच्या पोटात होतं, एफएन दाबल्याशिवाय बाहेर येत नव्हतं. दुसऱ्यात प्रिंट स्क्रीनचा भाडेकरू. तिसऱ्यात नव्हतंच. सातवा की आठवा हातात आला, सहाही बटणं जागेवर, इन्सर्ट चांगलं टणक. मी म्हटलं, "हा!"

दुकानदार खूश. "तोच तर देऊन राहिलो होतो मघापासून. दिवेवाला!"

घेण्याआधी तपासणं आलं. मी पेन ड्राइव्हवर एनव्हीडीए नेहमी सोबत ठेवतो, कुठल्याही विंडोज कंप्युटरला लावून सुरू केला की बोलायला लागतो. दुकानदाराच्या कंप्युटरला लावला. स्पीकर गिऱ्हाइकांना गाणी ऐकवायला मोठे ठेवलेले. मी सवयीनं इन्सर्ट आणि टी दाबलं. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात कंप्युटर म्हणाला, "सॉलिटेअर."

मागे कुणीतरी फिसकलं. दुकानदार म्हणाला, "ते पोरगं खेळते," आणि घाईघाईनं माउस धरला. इथे त्याचं चुकलं. एनव्हीडीए माउसखाली जे येईल तेही वाचतो. खिडकी बंद झाली, बाण डेस्कटॉपवर आला आणि इंग्रजी सुरातली ती खणखणीत घोषणा सुरू झाली, "पक्का बिल. कच्चा बिल. कच्चा बिल मार्च. कच्चा बिल एप्रिल." दुकानदार माउस जितका पळवत होता तितका तो जास्त वाचत होता.

"अबे, बंद करा ना याले!"

मी कंट्रोल दाबलं. शांतता झाली. मग इन्सर्ट आणि क्यू, एंटर, पेन ड्राइव्ह खिशात. इन्सर्ट उत्तम चालत होतं. मी म्हटलं, "भाऊ, हाच द्या. आणि बिल पक्कं द्या."

किमतीत शंभर रुपये कमी झाले, मी न मागता. भाचा म्हणाला, "मामा, आपण मोबाइल घ्यायला पण इथंच येऊ."

घरी आल्यावर दोन दिवस परमानंदात गेले. कॅप्स लॉकची नेमणूक रद्द केली, माझं बोट आपल्या जुन्या घरी परतलं. तिसऱ्या रात्री बायकोनं तोंड उघडलं. मी लिहायला बसतो ते रात्री अकरानंतर, कूलर मंद करून, खोलीतला दिवा बंद. मला दिवा लागत नाही, स्क्रीनही मी काळी करून ठेवतो. लग्नाला सतरा वर्षं झाली, नवऱ्याच्या रात्रीच्या कामानं तिची झोप कधी मोडली नव्हती.

"अहो, हे काय आहे? भिंतीवर हिरवं, मग जांभळं, मग लाल. मला वाटतं मी मांडवात झोपली आहे."

"बंद करतो," मी म्हटलं. कसा ते माहीत नव्हतं. प्रोग्रॅमला विचारलं तर त्याला दिव्यांचा गंधही नाही. स्क्रोल लॉक दाबून पाहिलं. "आता ते विझून पुन्हा लागून राहिले," बायको म्हणाली, "श्वास घेतल्यासारखे." सोबतचा कागद तिनं टॉर्च लावून पाहिला, त्यावर नुसती चिनी अक्षरं. एफएनसोबत मी एकेक बटण दाबत गेलो. एकदा सगळं निळं झालं, एकदा दिवे डावीकडून उजवीकडे पळायला लागले. आवाज कमी झाला, मग बंद झाला, आणि तो परत आणायला मला अर्धा तास लागला.

शेवटी तिनं उठून न्हाणीघरातला मोठा टॉवेल आणला आणि कीबोर्डवर अंथरला, माझ्या हातांसकट. "दिसते का काही?" तिनं स्वतःलाच विचारलं. "नाही दिसत. आता करा किती करायचं ते."

हे सगळं त्या टॉवेलखालूनच लिहितो आहे. थोडं गरम होतं, पण इन्सर्ट पहिल्या झटक्यात सापडतं. आता एफ बारा दोनदा दाबलं, तर म्हणतो दोन जून. नवतपा संपला.