खिडकीतलं चित्र की खिडकीतला उजेड? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चर्चमधल्या रंगीत काचांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: या खिडक्या म्हणजे अक्षरओळख नसलेल्यांसाठी काढलेली चित्रकथा. लोक वाचायला शिकले आणि खिडक्यांचं काम संपलं. आता उरला तो श्रीमंतीचा दिमाख, आणि ‘प्रकाशाचं प्रतीक’ वगैरे मी पदरचं घातलं आहे.

‘गरिबांचं बायबल’ ही कल्पना लोकप्रिय आहे, पण मला ती पटत नाही. तिच्या पुष्ट्यर्थ पोप पहिले ग्रेगरी यांनी इ.स. ६००च्या सुमारास मार्सेच्या बिशपना लिहिलेलं पत्र पुढे करतात. त्या पत्राचा विषय भिंतींवरची चित्रं हा आहे. खिडक्यांचं म्हणाल तर पॅरिसचं सेंत-शापेल पाहा. १२४८ साली पूर्ण झालेलं हे फ्रान्सचा राजा नववा लुई याचं राजवाड्यातलं प्रार्थनागृह. काचांवर हजाराहून जास्त प्रसंग, खिडक्यांची उंची सुमारे १५ मीटर. वरच्या चौकटींत कोण काय करतंय, हे खालून धड ओळखूही येत नाही. शिकवण्यासाठीच करायचं असतं, तर इतक्या उंचावर कोण नेऊन ठेवेल?

म्हणून मी चित्राआधी उजेडाकडे बघतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणतो. पॅरिसजवळच्या सेंट-डेनिस मठाचे प्रमुख सूजेर यांनी ११४४ साली आपल्या चर्चचा वेदीकडचा भाग नव्याने बांधून घेतला तो याच श्रद्धेने, की डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडातून मन खऱ्या उजेडाकडे चढतं. मध्ययुगातले धर्मोपदेशक तर येशूला जन्म देऊनही कुमारीच राहिलेल्या मरियेच्या कौमार्याचा दाखलाच काचेवरून देत: किरण काचेतून आरपार जातो आणि काच अभंग राहते. यातलं काहीही माझ्या पदरचं नाही.

‘उजेडच हवा होता, तर साधी काच लावायची,’ हा तुमचा टोला चांगला आहे. पण या खिडक्यांनी चर्च उजळत नाही, उलट अंधारतं. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये तेराव्या शतकातली निळी-लाल काच इतकी गडद आहे की आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. आपल्याकडे गाभारा अंधारा असतो तो तेल वाचवायला नव्हे. समईच्या उजेडात दर्शन घ्यायचं म्हणून असतो. इथेही उजेड मोजून, गाळून आत घेतलेला आहे.

कारागिराचा हात जवळून पाहिला की हे जास्त पटतं. काचेत कोबाल्ट मिसळलं की निळा रंग येतो. तांब्याने येणारा लाल मात्र इतका दाट, की अख्खी काच लाल केली तर ती काळीच दिसते. म्हणून बिनरंगी काचेवर लालाचा पातळ थर चढवत. चेहऱ्यासाठी काचेवर काळपट रंगाचा हात द्यायचा, मग काडीने तो खरवडून केसांच्या बटा आणि दाढी काढायची आणि काच भट्टीत भाजायची. म्हणजे प्रत्येक बट ही उजेडाला करून दिलेली वाट असते.

श्रीमंतीच्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे, आणि तो मुद्दा ख्रिस्ती मंडळींनी स्वतःच नऊशे वर्षांपूर्वी उचलला होता. चर्चच्या भिंती झगमगतात आणि गरीब उघडे राहतात, असं क्लेरव्होच्या मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी खडसावलं होतं. त्यांच्या सिस्टर्शियन या मठवासी पंथाने नियमच केला: काच बिनरंगी, चित्र नको. तरीही फ्रान्समधल्या ओबाझीनच्या मठात त्यांनी रंगाविना, काचा जोडणाऱ्या नुसत्या शिशाच्या पट्ट्यांनी सुरेख वेलबुट्ट्या साधल्या. चित्र गेलं, रंग गेला, तरी उजेडाचा आदर सुटला नाही. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मला माहीत नाही.

राहता राहिला पुण्याच्या कँपातल्या चर्चचा प्रश्न. तिथल्या खिडक्या आणि फलक म्हणजे साहेबांची स्मारकं, असं तुम्ही लिहिलंत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणीसाठी असं बरंच काही बसवलं गेलं, हे खरंच. पण आज त्या चर्चमध्ये उपासनेला बसतात ती पुण्याची माणसं. देणाऱ्याच्या हेतूपाशीच अर्थ थांबवायचा, तर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेली पर्वतीही सत्तेचा दिमाख म्हणूनच मोजावी लागेल. तुम्ही ती तशी मोजता का? मला खरंच जाणून घ्यायचंय.