गॅस लागल्यावर कोणाच्या दारात जायचं?

रत्नागिरीतल्या बारसूच्या सड्यावर एप्रिल 2023 मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हापासून आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनच पक्ष आहेत. एक म्हणतो रिफायनरी नको. दुसरा विचारतो, मग पोरांनी मुंबईच गाठायची का? मी इंग्लंडच्या ईशान्येला टीसाइडला राहतो. इथेही नदीच्या मुखाशी रसायनांचे कारखाने आहेत, म्हणून दोघंही मला पंच करायला बघतात. माझा प्रश्न मात्र वेगळाच आहे. लोटे, महाड, रोहे इथे कारखाने येऊन दशकं लोटली. तिथे कुणाला गॅस लागला, कातडी भाजली, तर त्याने कुठे जायचं? ग्रुपवर एकालाही धड सांगता आलं नाही.

कायदे आहेत, पण कुंपणाच्या आतल्याला एक दार, बाहेरच्याला दुसरं. आतल्या कामगाराला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर लाभ तिथून. नसेल तर मालकाकडून भरपाई. 1923 च्या कायद्यापासून चालत आलेली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. बाहेरच्याने पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे जायचं, आपल्यासाठी त्याचं पुण्याचं खंडपीठ. पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा. कारखान्याची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही, आणि दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही. नुसती इजाच नव्हे, बुडालेल्या धंद्याचीही भरपाई मागता येते, हे दाभोळ खाडीत मासेमारी करणाऱ्या भोयांनी ध्यानात ठेवावं. तिसरं दार जिल्हाधिकाऱ्यांचं, 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याचं. त्याच्या मूळ परिशिष्टात माणूस मेला तर 25,000 रुपये. एवढ्यात आमच्याकडे बाराव्याचा खर्चही भागत नाही.

तत्त्वाच्या बाबतीत आपण मागे नाही. डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम या जहाल आम्लाच्या वायूची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1986 च्या निकालात ठरवलं की धोकादायक धंदा करणाऱ्याला कुठलीच सबब चालणार नाही, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई मोठी. इंग्लंडचा कायदा इतका कडक नाही.

‘तुमच्याकडे इंग्लंडात भरपाईचे कोटी मिळतात’ हे तर ग्रुपवर ऐकून कान किटले. इथे दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. चांगलं एवढंच की आजार कामामुळे झालाय हे कळल्यापासून ती मोजता येते. वीस वर्षांनी फुप्फुसं गेली तरी दार बंद होत नाही. वकील ‘जिंकलो तरच फी’ म्हणून उभा राहतो आणि भरपाईतला वाटा घेतो. भारतात वकिलाला असा वाटा घ्यायला मनाई आहे. त्यामागचा हेतू समजतो, पण लोट्याच्या कंत्राटी कामगाराने वकिलाला आधी पैसे आणायचे कुठून?

आणि इथलंही सगळं आलबेल नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये टीसाइडच्या किनाऱ्यावर मेलेल्या खेकड्यांचे आणि लॉबस्टरचे ढीग लागले. मच्छीमारांनी बंदरातल्या गाळउपशाकडे बोट दाखवलं, काही संशोधकांनी पिरिडीन या रसायनाकडे. जानेवारी 2023 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने दोन्ही शक्यता फेटाळल्यासारख्याच केल्या. पक्कं कारण त्यांनाही सांगता आलं नाही. कारणच ठरलं नाही, तर दावा कुणावर लावणार?

प्रयोगशाळा, विद्यापीठं, संसदेत प्रश्न, सगळं असून हे झालं. मग आपल्याकडे काय? ठेकेदार बदलला की हजेरीपट गायब. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘खोकला, दम’ एवढंच. कोणतं रसायन, कोणती पाळी, काही नाही. चूक सिद्ध करावी लागत नसली, तरी इजा त्याच कारखान्याने झाली हे दाखवावंच लागतं.

माझा भाचा कंत्राटावर कंपनीत जातो. त्याला सांगून ठेवलंय: गेटपासचा फोटो काढ, पगार बँकेतच घे, ड्रमवरचं नाव टिपून ठेव, डॉक्टरला ते कागदावर लिहायला लाव. पण हे एकट्या पोराच्या गळ्यात का? भोपाळनंतर, 1987 साली, कारखाना कायद्यातच तरतूद आली: धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना द्यायची, कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या. येत्या ग्रामसभेत शेजारच्या प्रत्येक कारखान्याकडे ती माहिती लेखी मागावी. या ठरावावर रिफायनरीवाले आणि विरोधक, दोघांनीही सही करायला हरकत नसावी.